सुनावणीचा हक्क : सातारा-सांगलीच्या इतिहासातून सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांचा आढावा

राज्यसंस्थेचे पहिले काम माणसांच्या जिवाचे आणि चीजवस्तूंचे रक्षण करणे हे आहे, आणि ते करता यावे म्हणून तिच्या हाती जी सत्ता सोपवावी लागते, त्या सत्तेपासूनही माणसांचे रक्षण करणे हे कायद्याचे काम आहे. यांतील पहिल्याला सार्वजनिक सुरक्षा म्हणतात. दुसऱ्याला नागरी स्वातंत्र्य म्हणतात आणि त्यात बोलण्याचे, लिहिण्याचे, जमण्याचे, संघटना करण्याचे आणि विनाकारण तुरुंगात न पडण्याचे हक्क येतात. ही दोन्ही कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे शांततेच्या काळात कोणाला वाटत नाही. पण दंगल, युद्ध, दहशतवाद किंवा निव्वळ भीती यांच्या काळात ती समोरासमोर येतात, आणि अशाच वेळी 'खंबीर नेता' पुढे येतो. खंबीर नेता म्हणजे केवळ धीराचा वा निश्चयी माणूस नव्हे. नियम, न्यायालये, वृत्तपत्रे आणि विरोधक यांचा अडथळा बाजूला सारला तरच लोकांचे रक्षण करता येईल असे जो सांगतो आणि लोकांना ते पटवून देतो, त्याला या लेखात खंबीर नेता म्हटले आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा अशा नेत्याच्या स्वभावाभोवती फिरते. प्रत्यक्षात तो जी हत्यारे वापरतो ती बहुतेक वेळा त्याच्या आधीच्यांनी, आणि पुष्कळदा सद्हेतूने, घडवून ठेवलेली असतात. म्हणून त्या हत्यारांचा इतिहास आधी पाहणे आवश्यक ठरते.

त्यासाठी पाचगणीच्या पठारापासून खाली पसरलेला मुलूख, म्हणजे कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील सातारा आणि सांगली हे जिल्हे, फार उपयोगी आहे. सुनावणीशिवाय पदच्युत झालेला राजा, जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, परकी सरकारला आव्हान देणारे प्रतिसरकार, आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हाती देणारा संस्थानिक, स्वतः तुरुंग भोगून पुढे देशाचा गृहमंत्री झालेला कार्यकर्ता आणि दहशतवाद्याला जिवंत पकडणारा पोलीस, हे सर्व याच मातीतले आहेत. एका प्रश्नाच्या इतक्या बाजू एवढ्याशा प्रदेशात क्वचितच एकत्र सापडतात.

आरंभ १८३९ पासून करावा लागतो. इंग्रजांनी १८१९ च्या तहाने ज्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले, त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांवर १८३६ पासून राजद्रोहाचे आरोप रचले गेले. पलटणीतील देशी सुभेदारांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधणे आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार करणे असे ते आरोप होते. चौकशी गुप्तपणे झाली, साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची संधी महाराजांना मिळाली नाही, आणि अखेरीस मुंबईचे गव्हर्नर कारनॅक यांनी स्वतः साताऱ्यास येऊन त्यांच्यापुढे एक तोड ठेवली : आरोप मान्य असल्याचे लिहून द्यावे आणि गादी राखावी. महाराजांनी कबुली नाकारली आणि सुनावणी मागितली. सुनावणी मिळाली नाही. गादी गेली, काशीला रवानगी झाली आणि १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये एका तपाहून अधिक काळ राहून जी मागणी लावून धरली, ती मुळात राज्य परत द्या एवढीच नव्हती, तर आरोप समोर मांडा आणि उत्तर ऐकून घ्या ही होती. नागरी स्वातंत्र्याच्या सर्व हक्कांचा पाया हाच आहे. बोलण्याचा, जमण्याचा वा छापण्याचा कोणताही हक्क काढून घेतला गेला, तरी तो का काढला हे विचारण्याची जागा शिल्लक असेल तर तो परत मिळू शकतो; ती जागाच नाहीशी झाली की बाकीचे हक्क कागदावर उरतात.

मुंबई इलाख्यात ही जागा नाहीशी करण्याची कायदेशीर सोय तोवर झालेली होती. १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनने राज्याच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या माणसाला खटला न चालवता अटकेत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. प्लेग अधिकारी रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये पुण्याच्या सरदार नातू बंधूंना याच नियमाखाली पकडले गेले आणि सुमारे दोन वर्षे त्यांना आरोपाविना बंदिवासात काढावी लागली. सत्तर वर्षांपूर्वीचा एक विसरलेला नियम पुस्तकातून बाहेर निघाला आणि कामाला आला, ही गोष्ट पुढील सगळ्या विवेचनात ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

राजाला आणि सरदारांना जे क्वचित भोगावे लागले, ते काही समाजांच्या वाट्याला रोज येत असे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि त्याने सुरक्षेची एक अजब कल्पना रूढ केली : गुन्हा घडण्याची वाट पाहायची नाही, गुन्हेगार जन्मतःच ओळखायचा. नोंद झालेल्या जमातींतील माणसांना पोलीस पाटलाकडे किंवा चौकीवर ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, परगावी जायचे तर परवाना काढावा लागे, आणि काहींना तारेच्या कुंपणाच्या 'सेटलमेंट'मध्ये राहावे लागे. वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' या १९५९ च्या कादंबरीत ही हजेरी माणसाच्या मानाचा आणि पोटाचा प्रश्न होऊन येते. फलटण तालुक्यात जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन कायदा रद्द झाल्यानंतरही संशय कसा टिकून राहिला ते सांगते. कायदा १९५२ मध्ये देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी प्रथम कोणत्या वस्तीकडे वळते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. सुरक्षेसाठी थोडे स्वातंत्र्य सोडावे लागते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा सोडणारे आणि सुरक्षित होणारे हे बहुधा एकच लोक नसतात. हा भेद लपवून केलेला कोणताही हिशेब खोटा असतो.

१९४२ नंतर चित्र उलटे झाले. 'भारत छोडो'च्या ठरावानंतर भारत संरक्षण नियमांखाली हजारो माणसे खटल्याविना स्थानबद्ध झाली. स्वतः गांधीजी ९ ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत आगाखान पॅलेसमध्ये होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचा मृत्यू त्याच बंदिवासात झाला. अशा वेळी तत्कालीन सातारा जिल्ह्यात, ज्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग येत असे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ पासून प्रतिसरकार उभे राहिले. त्याची स्वतःची तुफान सेना होती, न्यायदान मंडळे होती, दारूबंदी होती, कमी खर्चाचे 'गांधी विवाह' होते, आणि दरोडेखोर व गावगुंड यांचा बंदोबस्त हे त्याचे मोठे काम होते. इंग्रजांचे पोलीस राजकीय कार्यकर्त्यांच्या मागे असताना खेड्यांतील सामान्य माणसाला जे संरक्षण हवे होते ते या मंडळींनी दिले, आणि लोकांनी त्यांना मनापासून साथ दिली, यात शंका नाही.

परंतु याच प्रतिसरकारला लोकांनी 'पत्री सरकार' म्हटले, आणि त्या नावामागे तळपायावर दिलेल्या माराची शिक्षा आहे. न्याय झटपट होता, स्वस्त होता, गावाच्या डोळ्यांसमोर होता. पण त्यावर अपील नव्हते, आणि चुकून खबऱ्या ठरवल्या गेलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला वेळ किती मिळत असेल हे त्या दिवसांच्या घाईत ठरलेले नसे. परकी सत्तेशी लढणाऱ्या, डोक्यावर बक्षीस लागलेल्या माणसांकडून शांत काळातील न्यायालयाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तरीही सुरक्षा देणारी संस्था जितकी लोकप्रिय, तितकी तिच्या शिक्षेची तपासणी कमी होते, हा धडा प्रतिसरकारच्या गौरवाबरोबरच शिकायला हवा होता, आणि तो पुरेसा शिकला गेला नाही.

पाचगणीचे नाव या इतिहासात येते ते इथे. सुटकेनंतर प्रकृतीसाठी गांधीजी १९४४ च्या जुलैमध्ये पाचगणीत राहिले, आणि तेथूनच त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना गुप्तता सोडून उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. गुप्ततेत भीती वाढते आणि कोण कोणाला जबाबदार हे कळेनासे होते, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. साताऱ्यातील अनेकांना तो पटला नाही आणि चळवळ १९४६ पर्यंत चालू राहिली. १९४४ च्या त्याच जुलैमध्ये पुण्याहून आलेल्या तरुणांच्या टोळक्याने नथुराम गोडसेच्या पुढाकाराने गांधीजींच्या विरोधात पाचगणीत घोषणा दिल्या. त्या वेळी सुरा निघाला होता की नाही, याबद्दलच्या साक्षी पुढे गांधीजींच्या खुनाच्या कटाची चौकशी करणाऱ्या न्या. जीवनलाल कपूर आयोगासमोर एकमेकींशी जुळल्या नाहीत. निश्चित एवढेच की, विरोधकांनाही प्रार्थनेस येण्याची मुभा असावी हा गांधीजींचा आग्रह शेवटपर्यंत टिकला, आणि २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीतील त्यांच्या प्रार्थनासभेत झालेल्या बॉम्बस्फोटानंतरही प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेण्यास त्यांनी नकार दिला. दहा दिवसांनी त्याच गोडसेच्या हातून त्यांचा खून झाला.

स्वातंत्र्याचा आग्रह जिवावर बेतू शकतो, हे या घटनेवरून मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर कपूर आयोगाच्या १९६९ च्या अहवालातून पुढे आलेली दुसरी गोष्टही मान्य केली पाहिजे : २० जानेवारीला पकडलेल्या मदनलाल पाहवाने आपल्या साथीदारांचे पुरेसे धागेदोरे दिले होते, आणि दिल्ली व मुंबईच्या पोलिसांनी त्यांचा तातडीने माग काढला नाही. कमी पडला तो तपास. अटकेचे अधिकार त्या वेळीही भरपूर होते. खुनानंतर मात्र ते अधिकार सढळ हाताने वापरले गेले, राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली आणि हजारोंना स्थानबद्ध करण्यात आले. पण त्याच आठवड्यात सातारा, सांगली, कोल्हापूर भागात, गोडसे ब्राह्मण म्हणून, ब्राह्मणांची घरे आणि कारखाने जाळले जात असताना सामान्य कुटुंबांच्या रक्षणाला सरकार पुरे पडले नाही. मोठ्या अधिकारांनी मोठी सुरक्षा येते असे गृहीत धरणाऱ्यांनी १९४८ चा फेब्रुवारी वाचावा.

याच प्रदेशात याच्या अगदी उलट प्रयोगही झाला होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत आपल्या ७२ गावांच्या राज्याला नवी घटना दिली आणि राजसत्ता ग्रामपंचायतींवर आधारलेल्या प्रतिनिधिमंडळाकडे सोपवली. तिच्या रचनेत त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, पोलंडमधून आलेले मॉरिस फ्रीडमन ऊर्फ भारतानंद आणि स्वतः गांधीजी यांचा वाटा होता. आटपाडीजवळ त्यांनी 'स्वतंत्रपूर' ही खुली कैद्यांची वसाहत वसवली, जिथे गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे भिंतीविना, कुटुंबासह, शेती करून राहू लागली; व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा तीच होती. संस्थान लहान होते आणि १९४८ मध्ये विलीन झाले, म्हणून या प्रयोगावरून मोठे सिद्धांत काढू नयेत. पण सत्ताधीशाने आपली सत्ता कमी केली की अराजक माजते, हे विधान औंधने निदान नऊ वर्षे खोटे पाडले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न संपला नाही. तो राज्यघटनेतच लिहिला गेला. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांच्या अनुच्छेद २१ मध्ये 'योग्य न्यायप्रक्रिया' या शब्दांऐवजी 'कायद्याने घालून दिलेली कार्यपद्धती' असे शब्द आले, म्हणजे कायदेमंडळ जी पद्धत ठरवील ती पुरेशी ठरणार होती. ही उणीव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना खुपत होती, आणि सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी आजच्या अनुच्छेद २२ चा मसुदा मांडताना तो या नुकसानीची भरपाई म्हणून आणत असल्याचे संविधान सभेत सांगितले. या अनुच्छेदाने अटक झालेल्याला कारण जाणण्याचा, वकील करण्याचा आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा हक्क दिला, आणि त्याच वेळी 'प्रतिबंधक स्थानबद्धता', म्हणजे गुन्हा केला म्हणून नव्हे तर पुढे करील या शंकेने ठेवलेली कैद, घटनेत मान्य केली. तीन महिन्यांपलीकडे ती वाढवायची तर सल्लागार मंडळाचे मत आवश्यक ठरवले. लोकशाहीत शांततेच्या काळासाठी अशी तरतूद घटनेत असणे जगात विरळाच आहे. ज्या बालकाचे नाव १९०० मध्ये साताऱ्याच्या शाळेत घातले गेले होते, त्या बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील विभूतिपूजा हा हुकूमशाहीकडे नेणारा रस्ता आहे असा इशारा दिला. खंबीर नेत्याच्या प्रश्नावर भारतीय भूमीत त्याहून नेमका इशारा कोणी दिलेला नाही.

यानंतरची कायद्यांची मालिका पाहिली की हत्यारे हातोहात कशी जातात ते कळते. सरदार पटेलांनी १९५० मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धता विधेयक मांडताना आपल्याला झोपेविना रात्री काढाव्या लागल्याचे सांगितले. कायदा एका वर्षासाठी होता, तो १९६९ अखेरपर्यंत चालला. त्याच दशकात देशाचे गृहमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण. १९३२ मध्ये त्यांनी १८ महिन्यांची शिक्षा भोगली होती, १९४२ मध्ये भूमिगत राहून लढा दिला होता, आणि त्यांच्या पत्नी वेणूताई यांनाही १९४३ मध्ये अटक सोसावी लागली होती. त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९६७ मध्ये, बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे आज 'यूएपीए' या नावाने ओळखला जाणारा कायदा, संमत झाला. मूळ रूपात त्याचा रोख फुटीरतावादी संघटनांवर होता, आणि बंदीचा आदेश उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या न्यायाधिकरणाने सहा महिन्यांत तपासावा असे बंधन त्यात होते. यशवंतरावांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण २००४ मध्ये या कायद्याला दहशतवादाचे प्रकरण जोडले गेले, २००८ मध्ये जामिनाची वाट जवळजवळ बंद करणारे कलम आले, आणि २०१९ मध्ये संघटनेबरोबर एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९६७ च्या सभागृहाने यातले काहीच मंजूर केले नव्हते, आणि तरीही यातले सर्व काही त्याच पायावर उभे आहे.

१९७१ चा अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे 'मिसा', हा बांगलादेशच्या प्रश्नातून युद्धाची छाया पडलेली असताना आला. चार वर्षांनी, २५ जून १९७५ रोजी, इंदिरा गांधींनी अंतर्गत आणीबाणी जाहीर केली तेव्हा हे हत्यार तयार होते. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे आणीबाणीत देशभर 'मिसा'खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण कायद्याखाली ७५,८१८ माणसे पकडली गेली. त्यांत मोरारजी देसाई होते. गृहमंत्री आणि मुख्यमंत्री या नात्याने मुंबई राज्याचा बंदोबस्त त्यांनी कठोर हाताने चालवला होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवरील गोळीबाराबद्दल मराठी माणसाने त्यांना कधी क्षमा केली नाही. आता १९ महिने ते स्वतः स्थानबद्ध होते.

आणीबाणीत सातारा जिल्ह्याने एक प्रसंग असा पाहिला की ज्यात हा सारा पेच एका मांडवाखाली आला. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी तेथे विरोधी चळवळीचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले आणि लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न सत्तेच्या समोर उभा केला. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. यशवंतरावांनी आणीबाणी उघडपणे नाकारली नाही, आणि महाराष्ट्राच्या या सुसंस्कृत नेत्याच्या चरित्रातील तो दुबळा अध्याय आहे, असे त्यांच्या चाहत्यांनीही म्हटले पाहिजे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या विनोबा भावे यांच्या 'अनुशासनपर्व' या शब्दाचे आणीबाणीच्या प्रचारकांनी भिंतीभिंतींवर फलक केले. अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्ताधाऱ्यांचे ते शासन, असा खुलासा विनोबांनी नंतर केला, पण फलक आधीच लागलेले होते.

पाचगणीच्या 'एशिया प्लॅटो' केंद्राशी निगडित असलेल्या राजमोहन गांधी यांचे 'हिंमत' हे मुंबईचे इंग्रजी साप्ताहिक या काळात प्रसिद्धिपूर्व तपासणीशी, म्हणजे सेन्सॉरशी, झगडत राहिले. छापखाने मिळेनासे झाले तेव्हा वाचकांच्या वर्गणीतून स्वतःचे छपाईयंत्र उभारण्याची वेळ त्यावर आली. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७६ मध्ये सेन्सॉरला बजावले की, सरकारवरील टीका दडपणे हे त्याचे काम नाही. परंतु त्याच वर्षी २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी असा निकाल दिला की, आणीबाणी असेतो स्थानबद्धाला हेबियस कॉर्पसची याचिका, म्हणजे 'या माणसाला कोणत्या कायद्याने धरले ते न्यायालयाला सांगा' अशी मागणी, करता येणार नाही. बहुमतात न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते, एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांची सरन्यायाधीशपदाची संधी हुकली. प्रतापसिंहांना १८३९ मध्ये जे मिळाले नव्हते, तेच १९७६ मध्ये स्वतंत्र भारताच्या नागरिकाला नाकारले गेले. तो निकाल चुकीचा होता असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जाहीर केले, आणि ते लिहिणाऱ्यांत न्या. यशवंत चंद्रचूड यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. दुरुस्तीला ४१ वर्षे लागली.

खंबीर नेत्याच्या बाजूने केला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद परदेशातून येतो आणि तो टाळू नये. एल साल्वादोरमध्ये मार्च २०२२ अखेर तीन दिवसांत ८० हून अधिक खून झाले, अध्यक्ष नायीब बुकेले यांनी आणीबाणी लावून ती महिन्यामागून महिना वाढवली, ८० हजारांहून अधिक माणसांना तुरुंगात घातले, आणि टोळ्यांच्या दहशतीखाली पिचलेल्या त्या देशात खुनांचे प्रमाण खरोखरच कोसळले. २०२४ मध्ये लोकांनी बुकेले यांना प्रचंड मतांनी पुन्हा निवडले. ज्यांनी टोळ्यांना हप्ते दिले आणि मुले गमावली, त्यांच्या सुटकेच्या भावनेला दूरच्या टीकाकारांनी तुच्छ लेखू नये. मात्र सुमारे ८ हजार निरपराध सोडून द्यावे लागल्याचे बुकेले यांनीच सांगितले आहे, आणि आत राहिलेल्यांत आणखी किती निरपराध आहेत हे ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा तेथे उरलेली नाही. फिलिपाइन्सचे रोद्रिगो दुतेर्ते २०१६ मध्ये अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेचे वचन देऊन निवडून आले. हजारो माणसे खटल्याविना मारली गेली, आणि मार्च २०२५ मध्ये दुतेर्ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयासमोर नेले गेले. तेथे त्यांना वकील मिळाला आणि सुनावणी मिळाली, जी त्यांच्या मोहिमेत मारल्या गेलेल्यांना मिळाली नव्हती.

महाराष्ट्राला दहशतीची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांच्या सुरुंगात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक गेला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले, आणि त्या रात्री गिरगाव चौपाटीवर जावळी तालुक्यातील केडंबे गावचे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणून त्याच्यावर खटला चालला, त्याला वकील मिळाला, पुरावा उघड न्यायालयात मांडला गेला, २०१० मध्ये शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील झाले आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्या खटल्यामुळे कट कोठे रचला गेला हे जगापुढे पुराव्यानिशी मांडता आले. ज्याच्या गुन्ह्याबद्दल कोणालाही शंका नव्हती त्यालाही सुनावणी देऊन हे राज्य दुबळे झाले नाही. सुरक्षा व न्याय यांत निवड करावी लागते असे म्हणणाऱ्यांना या खटल्यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

असे असताना हल्ल्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत 'यूएपीए'त जामिनाची ती कडक तरतूद आली, जिच्यानुसार आरोप वरकरणी खरा दिसत असेल तर न्यायालयाने जामीन देऊ नये. तिचा परिणाम पुढे भीमा कोरेगाव प्रकरणात दिसला. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर पकडलेल्या लेखक, वकील आणि कार्यकर्त्यांपैकी अनेकांना खटला उभा राहण्याआधी कित्येक वर्षे तुरुंगात काढावी लागली, आणि ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत असतानाच गेले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे हे न्यायालयाने कधी ठरवलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एका निकालात खटला लांबत असेल तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात असे म्हटले, ही थोडी समाधानाची बाब आहे. पण प्रक्रिया हीच शिक्षा झाली की निकालाला फारसा अर्थ उरत नाही.

या मालिकेतील ताजा दुवा म्हणजे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. २०२४ मध्ये मांडलेले हे विधेयक संयुक्त समितीकडे गेले, तिच्याकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, काही दुरुस्त्या झाल्या आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते संमत केले. शहरी भागातील माओवादी संघटनांना आळा घालणे हा त्याचा हेतू सरकारने सांगितला, आणि समितीच्या दुरुस्तीने व्यक्ती व संघटना असा सरसकट उल्लेख बदलून कडव्या डाव्या वा तशा प्रकारच्या संघटनांपुरता उद्देश मर्यादित केला, हे चांगलेच झाले. परंतु 'बेकायदेशीर कृत्य' याच्या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका आणि कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन यांसारखे शब्द आहेत, आणि अवज्ञेला उत्तेजन हा गुन्हा मानला तर १९३० चा मिठाचा सत्याग्रह, बिळाशीचा जंगल सत्याग्रह आणि कराडचे १९७५ चे संमेलन यांना त्यातून वगळणारी रेषा कोठे आहे, हे विधेयकात सापडत नाही. आजचे सरकार हा कायदा सामान्य मोर्चेकऱ्यांवर वापरणार नाही असे आश्वासन दिले गेले आहे. ते प्रामाणिक असू शकते. १८२७ च्या नियमाचे, १९५० च्या कायद्याचे आणि १९७१ च्या 'मिसा'चे कर्तेही आपापल्या काळात अशीच आश्वासने देत होते. कायदा आश्वासनासह पुढच्या हाती जात नाही, फक्त शब्दांसह जातो.

यावर उपाय अज्ञात नाही. आणीबाणीचा अनुभव ताजा असताना संसदेने १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती केली. तिने 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही असे ठरवले. हे भाग लागू झाले आणि त्यांनी देशाला वाचवले आहे. त्याच दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने सल्लागार मंडळाच्या मताविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली, आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने, कार्यरत न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली नेमले जावे असे सांगितले. जनता पक्ष, काँग्रेस, आघाड्या आणि भारतीय जनता पक्ष या सर्वांची सरकारे त्यानंतर दिल्लीत येऊन गेली. साताऱ्याच्या आणि सांगलीच्या खासदारांना संसदेत एकच प्रश्न विचारायचा असेल तर तो या कलमाबद्दल विचारावा, कारण ते अमलात येण्यासाठी नवा कायदा नको, चर्चा नको, दोन तृतीयांश बहुमत नको, केंद्र सरकारच्या राजपत्रातील एक अधिसूचना पुरते. ती अधिसूचना अद्याप निघालेली नाही.